गल्लीत गाडीला जागा नाही म्हणताय, आधी वही घेऊन बसा

ताई, तुमचं सगळं वाचलं. थोडक्यात असं की बेळगावात गणपत गल्लीच्या मागं आतल्या बाजूला तुमचं घर, खाली दुकानं वर बिऱ्हाडं, दिवसभर दारात दुसऱ्यांच्या टू-व्हीलर. सासूबाईंना रात्री त्रास झाला तेव्हा १०८ची गाडी गल्लीच्या तोंडालाच थांबली आणि त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यावं लागलं. नऊला दुकानं बंद झाली की काळोख, उभ्या टेम्पोंच्या आडोशाला पोरं बाटल्या घेऊन बसतात, आणि क्लासवरून येणारी तुमची मुलगी कोपऱ्यावरून फोन करते की खाली येऊन थांब. त्यात गल्लीत आता तीन पार्ट्या झाल्यात, एक म्हणते नो पार्किंग करून घ्या, दुसरी म्हणते तोंडाला गेट बसवा, तिसरी म्हणते कॅमेरे लावले की संपला विषय. आणि तुम्ही विचारताय, अर्ज नेमका कशासाठी करू.

आत्ता कशासाठीच करू नका. आधी पंधरा दिवस काढा, वही घ्या आणि मोजा. हे ऐकून तुम्हाला राग येईल, सासूबाईंना खुर्चीतून न्यावं लागलं आणि हा मोजायला सांगतोय, पण मी सिव्हिलवाला माणूस, पंचवीस-सव्वीस वर्षं रस्त्यांचे आणि पार्किंगचे सर्व्हे करण्यात गेली, बेळगावात, निपाणीत, चिकोडीकडं, आणि न मोजता दिलेल्या अर्जाचं काय होतं ते मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय. 'नोडोणरी' म्हणतात, बघूया म्हणून, आणि फाईल कपाटात जाते.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण हेच कुणी करत नाही.

एखादा साधा वार धरा, शनिवार नको, बाजाराचा दिवस असतोय, आणि सणाच्या आदला दिवस पण नको. सकाळी साडेआठला, दुकानं उघडायच्या आत, गल्लीच्या एका टोकाला बसा. वहीत गल्लीचा कच्चा नकाशा काढा, दुकानं, दारं, खांब, बोळ. मग दर अर्ध्या तासाला एक चक्कर मारायची आणि कुठल्या दारासमोर कुठली गाडी आहे तिचा नंबर लिहायचा, शेवटचे चार आकडे पुरेत. असं रात्री साडेनऊपर्यंत. एकट्याचं काम नाही हे, कॉलेजची दोन पोरं घ्या, त्यांना चहा आणि वडापाव द्या, आनंदानं करतात. मग वही उघडून बसलात की दिसतं कुठली गाडी किती वेळ हलली नाही.

मी पहिल्यांदा असं केलं ती गल्ली कुठली ते सांगत नाही, माणसं ओळखीची आहेत. एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. समोरच एक पांढरी स्कूटर, सीटवर तपकिरी कव्हर, आरशाला लाल गोंडा. पावणेदहाला लागली. माझ्या प्रत्येक चकरीला तिथंच. दुपारी ऊन फिरलं तसं कुणीतरी येऊन सीटवर पुठ्ठा टाकून गेलं. पाच वाजता दुकानदार बाहेर आला, मला चहा दिला आणि अर्धा तास ऐकवलं की बाहेरच्या लोकांच्या गाड्यांमुळं माझं गिऱ्हाईक तुटतंय, चंदगड-खानापूरची माणसं येतात, जागा नाही बघून तशीच पुढं जातात, महापालिका झोपलीय वगैरे वगैरे. रात्री पावणेनऊला शटर ओढलं, पुठ्ठा काढून कडेला ठेवला आणि त्याच पांढऱ्या स्कूटरवर बसून घरी गेला.

हे मी चेष्टा म्हणून सांगत नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्या हिशेबी त्याची गाडी ही 'गाडी' नव्हतीच, दुकानाचाच भाग होती. आता साधा हिशेब करा, एका स्कूटरची जागा सकाळी दहा ते रात्री आठ एकाच गाडीनं अडवली तर दिवसाला एक माणूस वापरतोय ती, आणि गिऱ्हाईक सरासरी अर्धा तास थांबतंय धरलं तर त्याच जागेवर वीस गिऱ्हाइकं येऊन जाऊ शकतात. म्हणजे त्या पुठ्ठेवाल्या स्कूटरनं त्याच दुकानाची वीस गिऱ्हाइकं परत पाठवली. जागा कमी नव्हती, जागा फिरत नव्हती. आमच्या धंद्यात याला टर्नओव्हर म्हणतात, दुकानदाराला हा शब्द सांगितला की लगेच कळतं, कारण त्याचा पण धंदा त्याच्यावरच चालतो. मी ज्या ज्या बाजारगल्लीत असं बसलोय तिथं दिवसभर न हललेल्या गाड्या बहुतेक मालकांच्या, सेल्समनच्या आणि वरच्या मजल्यावरच्या ऑफिसवाल्यांच्याच निघाल्यात. कोल्हापूरच्या एमएच ०९ आणि गोव्याच्या नंबरांना आपण उगीच शिव्या देतो, ती माणसं तासाभरात खरेदी करून कुंदा बांधून घेऊन जातात.

दुसरं मोजायचं ते रुंदी. इथं टेप लागतो. भिंत ते भिंत किती आणि पायऱ्या, कट्टे, गटारावरच्या फरश्या सोडून गाडीला मिळते ती किती, हे दोन वेगळे आकडे आहेत आणि दोन्ही लिहा. समजा तुमच्याकडं भिंतीपासून भिंत सहा मीटर आहे. दोन्ही बाजूला पायऱ्यांनी अर्धा-अर्धा मीटर खाल्ला, राहिले पाच. टू-व्हीलर रस्त्याला काटकोनात लावली की दोन मीटरच्या आसपास घेते. एका बाजूला लावल्या तर तीन मीटर मोकळे. दोन्ही बाजूला लावल्या तर एक मीटर. अग्निशामकची मोठी गाडी अडीच मीटर रुंद असते, अँब्युलन्स दोनच्या आसपास. बघा म्हणजे, तुमच्या सासूबाईंची गाडी का थांबली त्याचं उत्तर या वजाबाकीत आहे, ड्रायव्हरचा काही दोष नव्हता. एका बाजूला लावलेल्या गाड्यांनी अँब्युलन्स अडत नाही, समोरच्या बाजूला लावलेल्या चार-पाच गाड्यांनी अडते. आणि त्याच गाड्या पंचेचाळीस अंशात तिरक्या लावल्या तर दीड मीटरच्या आतबाहेर बसतात, थोड्या कमी मावतात पण रस्ता अर्ध्या मीटरनं वाढतो. पट्ट्यांसाठी पांढऱ्या रंगाचा एक डबा आणि एक रविवार सकाळ, एवढंच काम. अर्थात पट्टे स्वतः मारू नका, त्याचं सांगतो पुढं.

जुन्या गावात कापूर, कापड, फटाके, प्लास्टिक, सगळं एकाला एक लागून आहे आणि माडीला लाकडी जिने. चोर-दारुड्यांची भीती वाटणं साहजिक आहे, पण माझ्यासारख्याला झोप लागू देत नाही ती ही आगीची गोष्ट. तुमच्या यादीत ती नव्हतीच, म्हणून मुद्दाम घालतोय.

कोपऱ्याचं वेगळं बघा. गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला मिळते तिथं दोन्ही बाजूला पाच मीटर तरी काहीच उभं नको, स्कूटर नको, हातगाडी नको, दुकानाचा बोर्ड नको. ताशी तीसनं येणारी गाडी सेकंदाला आठ मीटरच्या वर पुढं येते. कोपऱ्यावर ओम्नी उभी असली तर तिच्या आडून निघालेलं पोर आणि येणारी मोटारसायकल एकमेकांना दिसतात ती शेवटच्या सेकंदाला, आणि त्या सेकंदात ब्रेकवर पाय जाईपर्यंत आठ मीटर गेलेले असतात. अपघात झाला की आपण पोरांना दोष देतो की ही पोरं बेभान चालवतात. चालवतात हे खरंय, पण दिसायला पण पाहिजे ना.

आता तुमच्या तीन पार्ट्यांकडं येतो.

नो पार्किंगवाल्यांचं आधी. हे मी स्वतः करून तोंडावर पडलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका पेठेतल्या लोकांनी असंच बोलावलं, मी तरुण नव्हतो पण शहाणाही नव्हतो, अहवाल लिहून दिला की दोन्ही बाजू नो पार्किंग. झालं पण तसं. पहिले आठ दिवस लोकांनी हार घालायचाच बाकी ठेवला. मग काय झालं, रस्ता मोकळा दिसला तसं बाहेरच्या मुख्य रस्त्यावरची गर्दी टाळणारे सगळे मोटारसायकलवाले शॉर्टकट म्हणून आतून सुसाट जायला लागले, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं तशी दुकानं नऊच्या ऐवजी आठलाच बंद. आधी रात्री नऊपर्यंत जी जाग असायची ती गेली. ज्या बायकांनी अर्जावर पहिल्यांदा सह्या केल्या होत्या त्याच म्हणायला लागल्या की आता तर आठनंतरच भीती वाटते. मी परत जाऊन एक बाजू उघडून घेतली, पण त्याला जी धावपळ झाली ती पहिल्या वेळेपेक्षा दुप्पट.

तेव्हापासून मी पार्किंग आणि सुरक्षा हे दोन वेगळे विषय म्हणून बघायचं सोडलं. गल्ली भरून वाहिली तर अँब्युलन्स अडते आणि कोपरे दिसत नाहीत, गल्ली ओस पडली तर माणूस घाबरतो. मधलं काहीतरी पाहिजे. तुम्हीच आठवून बघा, विसर्जनाच्या रात्री किंवा शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीला नरगुंदकर भावे चौकापासून कपिलेश्वरापर्यंत रात्री दोन वाजता आयाबाया कडेवर पोर घेऊन चाललेल्या असतात, आणि कुणाला वाटत नाही की उशीर झाला. रस्ता तोच, माणसं तीच. त्या रात्री गाड्या नसतात, उजेड असतो आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी ओळखीचं बसलेलं असतं. रोज मिरवणूक काढता येत नाही, कबूल, पण त्यातला उजेड आणि पायरीवरचं माणूस या दोन गोष्टी रोजच्या रोज जमवता येतात.

गेटचं दोन वाक्यात संपवतो. सार्वजनिक रस्त्याला परवानगीशिवाय गेट लावता येत नाही, लावलं तर एक तक्रार आली की काढतील आणि तुमचे पैसे गेले. आणि रात्री दोनला गेटची किल्ली ज्याच्याकडं आहे तो लग्नाला गोव्याला गेलेला असला तर सासूबाईंची खुर्ची परत गेटपर्यंतच.

कॅमेऱ्याच्या मी विरोधात नाही, पण त्याच्याकडून काय होतं ते नीट समजून घ्या. कॅमेरा कुणाला थांबवत नाही, नंतर दाखवतो. बऱ्याच ठिकाणी डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, कुठल्यातरी दुकानात काउंटरखाली, दुकान बंद झालं की मेन स्विच पण बंद, म्हणजे ज्या वेळेसाठी लावला त्याच वेळेला तो झोपलेला. रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी महिन्याभरानं पुसून त्याच्यावर नवीन येतं, तेव्हा काही झालं तर त्याच आठवड्यात कॉपी काढून घ्यायची. आणि काळोखात समोरून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट कॅमेऱ्यात गेला की नंबर प्लेट म्हणजे नुसता पांढरा ठिपका. म्हणून आधी उजेड, मग कॅमेरा. उलट करू नका. लावायचाच तर एकच लावा, गल्लीच्या तोंडाला, बाहेर जाणाऱ्या गाडीची मागची प्लेट दिसेल असा, आणि डीव्हीआर वरच्या बिऱ्हाडात ठेवा, दुकानात नको.

उजेडाबद्दल मात्र मला बरंच बोलायचंय.

तुम्ही लिहिलंय की नऊला 'लाईट जाते'. जात नाही हो. रस्त्याचा दिवा तेवढाच असतो, जातो तो दुकानांच्या बोर्डांचा उजेड. दिवसभर आपले डोळे त्या झगमगाटाला सवकलेले आणि एकदम वीस बोर्ड बंद, मग खांबावरचा एक एलईडी असून नसल्यासारखा. वर दोन खांबांच्या मध्ये कुणाचातरी वाढदिवसाचा फ्लेक्स. आतल्या लहान रस्त्यांसाठी आपल्याकडचं मानक सरासरी चार लक्सच्या आसपासचं आहे, लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप, चार म्हणजे फार नाही, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू यावा इतपत. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं, ते अचूक नसतं पण खांबाखाली आणि दोन खांबांच्या मधोमध असं दोन्हीकडं बघा. खांबाखाली वीस आणि मध्ये शून्य येत असेल तर नवीन जास्त ताकदीचा दिवा मागून उपयोग नाही, उजेडाच्या शेजारचा अंधार जास्तच काळा दिसतो. मधे एक लहान दिवा मागा.

आणि तो मंजूर होऊन येईपर्यंत दुसरं एक करा. प्रत्येक दुकानाच्या शटरवर नऊ वॅटचा एक एलईडी बल्ब, नऊ ते एक चालू. नऊ वॅट गुणिले चार तास गुणिले तीस दिवस, महिन्याला एक युनिट आणि वर थोडं. एक युनिट. हेस्कॉमचं बिल दाखवून दुकानदाराला हा हिशेब सांगितलात की नाही म्हणायला त्याला तोंड राहत नाही. टायमरला जरा जास्त पैसे पडतात, पण तो लावा, कारण माणसाच्या आठवणीवर सोडलेला बल्ब आठवड्यात बंद होतो, हा माझा अनुभव आहे. ज्याच्या शटरखाली पोरं बसतात त्याच्यापासून सुरुवात करा. उजेडात बसून कुणी पीत नाही, उठून दुसरीकडं जातात. दुसरीकडं म्हणजे दुसऱ्याच्या गल्लीत हे मला माहीत आहे, त्यासाठी बीट पोलीस आहे. त्याचा नंबर घेऊन ठेवा, आणि प्रत्यक्ष दंगा सुरू असेल तर सरळ ११२.

आडोशाचं पण बघा. रात्रीचे ते टेम्पो कुणाचे आहेत? बहुतेक गल्लीतल्याच कुणाचे तरी किंवा ठरलेल्या भाड्याचे. टेम्पोची बॉडी म्हणजे सहा फुटी भिंत, तिच्यामागं काय चाललंय ते वरच्या गॅलरीतून पण दिसत नाही. त्यांना हाकलू नका, त्यांचं पोट आहे त्याच्यावर. फक्त जागा बदलून द्या, दिव्याच्या खांबाखाली आणि भिंतीला चिकटून, एकामागं एक, मधे माणूस शिरेल एवढी फट न ठेवता. दिवसा माल उतरवायचा तो सकाळी दहाच्या आत.

आणि तोंडाला ती भाजीवाली मावशी बसते की नाही? तुमच्यातल्याच कुणीतरी म्हटलं असणार की तिला उठवा, तिच्यामुळं ट्रॅफिक तुंबतं. उठवू नका. रात्री साडेआठ-नऊपर्यंत गल्लीच्या तोंडाला जे एकमेव माणूस रोज एकाच जागी बसून कोण आलं कोण गेलं बघतंय ते तीच आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४चा केंद्राचा कायदा आहे, तसं सहज उठवता येतही नाही. कोपऱ्यापासून पाच मीटर आत सरकवा, डोक्यावर एक बल्ब द्या. तिला पण धंदा आणि तुम्हाला पण सोबत.

आता पुठ्ठेवाल्या स्कूटरचं काय करायचं. दुकानदारांची मीटिंग घ्या पण वही हातात घेऊन. नावं वाचून दाखवू नका, सगळ्यांसमोर नाव घेतलं की माणूस हट्टाला पेटतो. नुसतं म्हणा की तीस गाड्यांच्या जागेत इतक्या गाड्या सकाळपासून रात्रीपर्यंत हलल्या नाहीत. शांतता पसरते, प्रत्येकाला आपली आठवते. मग सांगा की मालकांनी आणि नोकरांनी गाड्या तीनशे मीटरवर लावायच्या, बापट गल्लीतलं पार्किंग असेल नाहीतर आणखी कुठं ठरवा. तीनशे मीटर म्हणजे चार मिनिटं चालणं. शंभर जागांतल्या पंधरा जरी कायम रिकाम्या राहिल्या तरी येणाऱ्याला शोधत फिरावं लागत नाही, आणि गल्लीतली बरीच गर्दी ही जागा शोधत फिरणाऱ्यांचीच असते.

इथं एक अपवाद करा आणि तो लिहूनच ठेवा. दुकानात काम करणाऱ्या मुली. काकती, हिंडलगा, उचगाव, येळ्ळूर अशा कुठून कुठून येतात, स्कूटीवर नाहीतर बसनं, आणि सुटतात रात्री साडेआठला. त्यांना तीनशे मीटर लांब लावायला सांगितलं तर आपण आपली भीती उचलून त्यांच्या पदरात घातली. मी एका ठिकाणी असं सुचवलं, की सातनंतर गिऱ्हाईक ओसरतं, तेव्हा मुलींनी आपल्या स्कूटी आणून दुकानाच्या दारात लावायच्या. मालक कुरकुरले, दहा मिनिटं काम बुडतंय म्हणून. एक म्हातारे सराफ होते, ते म्हणाले माझ्या पोरीला जाऊदे आधी, मग बघूया बाकीचं. झालं मग.

बिल्डिंगा पण बघून ठेवा. जुने वाडे पाडून जी कॉम्प्लेक्स झालीत त्यांच्या मंजूर नकाशात तळघरात पार्किंग असतं, आणि खाली जाऊन बघितलं तर गोडाऊन नाहीतर झेरॉक्सचं दुकान. माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशाची नक्कल मागता येते. हे हत्यार आहे, पण पहिल्याच दिवशी काढू नका, एकदा काढलं की त्या मालकाशी बोलणं संपतं. खिशात असू द्या.

आता कायद्याचं, कारण गल्लीत पाट्या दिसायला लागल्या असं तुम्ही लिहिलंय. 'नो पार्किंग, टायरमधली हवा काढली जाईल' असल्या घरगुती पाट्यांना काही अर्थ नाही. पार्किंगच्या जागा ठरवणं आणि फलक लावणं हे मोटर वाहन कायद्याच्या ११६ आणि ११७ कलमांखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याचं काम, आपल्याकडं ते पोलीस आयुक्तालयाकडून, महापालिकेशी बोलून होतं. तुमच्या दारातला रस्ता तुमचा नाही तसा दुकानदाराचाही नाही, आणि कुंड्या, दगड, जुना टायर ठेवून जागा धरणं हे सुद्धा अडथळ्यातच येतं. हवा तर अजिबात काढू नका, एकदा काढली आणि त्या गाडीवाल्याचं पेशंट दवाखान्यात होतं असं निघालं तर आयुष्यभर बोचतं. पट्टे स्वतः मारू नका म्हटलं ते याचसाठी, मागून घ्या, मग त्याच्यावर टोइंगवाल्याला पण हात लावता येतो.

मोजणी हातात आली की दोन अर्ज करा, एकात सगळं कोंबू नका. पहिला वाहतूक पोलिसांना, प्रत महापालिका आयुक्तांना: एका बाजूला तिरकं टू-व्हीलर पार्किंग, दुसरी बाजू मोकळी, तोंडाला पाच-पाच मीटर पिवळी पट्टी. कुठली बाजू यावर दुकानदार भांडणार, तेव्हा सम-विषम तारखेनं बाजू बदलायची तयारी ठेवा, कटकट आहे पण वाद मिटतो. सोबत नकाशा, टेपनं मोजलेली रुंदी आणि वहीची झेरॉक्स. दुसरा अर्ज दिव्यांचा, त्यात खांबाचा नंबर घाला, बहुतेक खांबांवर रंगवलेला असतो, 'मारुती मंदिराजवळचा खांब' असं लिहू नका, तशी मंदिरं गावात गल्लोगल्ली आहेत. नगरसेवकाला दोन्हीच्या प्रती द्या, अठ्ठावन्न वॉर्डांतला तुमचा कुठला ते घरपट्टीच्या पावतीवर सापडतंय. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, शिक्का आणि इनवर्ड नंबर, 'ठेवून जावा' म्हटलं तरी उभं राहून घ्या.

भाषेचं कुणीतरी विचारणारच. मराठीतला अर्ज घेतलाच पाहिजे हा आपला मुद्दा आहे आणि तो सोडायचं काही कारण नाही. पण हा अर्ज ज्या क्लार्ककडून पुढं सरकणार त्याला तो वाचता पण आला पाहिजे. मी दोन्ही जोडतो, वर कन्नड, खाली मराठी, एकाच पिनेत. गल्लीतल्या कन्नड शाळेच्या एखाद्या मास्तरांना बसवून लिहून घ्या, त्यांच्या दारात पण गाड्या लागतातच की.

सह्यांमध्ये निम्म्या दुकानदारांच्या असू द्या. नुसत्या घरवाल्यांच्या असल्या तर दुसऱ्या दिवशी दुकानदारांचा उलटा अर्ज येतो आणि साहेबांना दोन्ही अर्ज बाजूला ठेवायला कारण मिळतं.

टेप घेताना कापडी किंवा फायबरचा तीस मीटरवाला घ्या, तो पाच मीटरचा स्टीलचा नको, मधेच वाकतो आणि बोट कापतं. रुंदी तीन ठिकाणी मोजा, तोंडाला, मधे आणि जिथं सगळ्यात अरुंद वाटतंय तिथं, आणि मोजणी पहाटे सहाला करा, दूधवाल्याच्या आधी, तेव्हा गाड्या पण नसतात आणि 'काय मोजताय ओ' म्हणून विचारायला पण कुणी येत नाही. आकडे आले की मला पाठवा, पट्टे कसे मारायचे त्याचा नकाशा मी काढून देतो.